अकोला ते अमरावती, वारा समोरून

दादाचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या घरी कोथिंबीर निवडत बसले होते. फोनवर प्रस्तावना करायची त्याला सवय नाही. “नंदे, आमच्या चारात एक कमी पडून राह्यला. सायकल घेऊन ये,” एवढं बोलून त्यानं फोन वहिनीच्या हातात दिला. मग वहिनीनं सगळं नीट सांगितलं. दरवर्षी जानेवारीत अकोल्याहून अमरावतीपर्यंत वेगाची राइड होते, चौघाचौघांच्या गटांची. पंच्याण्णवेक किलोमीटर, सव्वातीन तासांच्या आत. गटातला तिसरा माणूस पोचला की घड्याळ थांबतं. म्हणजे चौघांतला एक मागे राहिला तर चालतं, दोन राहिले की संपलं. दादाच्या गटाला दोन वर्षं ही वेळ साधली नव्हती. आणि यंदा कसाबसा मिळालेला चौथा गडी घरच्याच जिन्यावरून पडून खांदा मोडून बसला होता.

“आधी तालीम करतो म्हणतात,” वहिनी म्हणाली. “तालमीत टाइम जमला तर नाव देतो, नाई त यंदापासून बंद. उन्हाळ्यात साठ पुरे होतात त्यायले. तू येच.”

मी हो म्हटलं, नवऱ्याला विचारायच्या आधी. नाशिकला मी सहा वर्षं वेगानं चालणाऱ्या गटात सायकल चालवते आहे, पण या आनंदाचं कारण त्याहून जुनं होतं. कॉलेजात असताना अमरावती ते बडनेरा आणि परत अशी एक शर्यत व्हायची. दादा त्यात उतरायचा. एका वर्षी मुलींनाही घेणार असं कळलं आणि मी नाव द्यायला निघाले. बाबा म्हणाले, रस्त्यावर पाय दाखवत फिरायचं नाही. दादा तिथेच उभा होता, चेनला तेल देत. तो एक शब्द बोलला नाही. शर्यतीच्या दिवशी मी त्याचा स्वेटर हातात धरून फाटकापाशी उभी राहिले आणि तो दुसरा आला तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्याही मीच वाजवल्या. राग गेला बरीच वर्षं झाली असं मी समजत होते. फोन आल्यावर कळलं की तो गेला नव्हता, नुसता बसला होता.

अमरावती

डिसेंबरातली अमरावती माझ्या फार आवडीची. सकाळी अंगात स्वेटर, दुपारी पंखा, आणि संध्याकाळी कुठल्या तरी अंगणातून तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास. शहर ओळखू येऊ नये इतकं बदललंय. तासाच्या भाड्यानं सायकली देणारं ते दुकान होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली आहेत. आमच्या शाळेच्या रस्त्यावर उड्डाणपुलाची सावली पडते. मी दर वळणावर सायकल थांबवून बघत होते आणि दादा बिचारा दर वळणावर पाय टेकून उभा राहत होता.

वहिनीनं पहिल्याच दिवशी सोलेभात केला. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. नाशिकला हा शब्द कुणाला कळत नाही, तिथे मी बाजारात “तुरीचे दाणे” मागते आणि अमरावतीकर म्हणून मनातून खजील होते. जेवण झाल्यावर माझं ताट उचलायला गेले तर वहिनीनं ते ओढून घेतलं. “बस तू. माहेरी आली, ताटं घासाले का?” आमच्याकडे हा कायदा आहे. लेक माहेरी आली की तिनं लोळायचं, खायचं आणि मैत्रिणींना फोन करायचे. एरवी हा कायदा मला मनापासून पसंत आहे. तोच कायदा सायकलवरही लागू होईल असं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे वलगावच्या रस्त्यावर बाकीचे दोघं भेटले. गौतम सर, पन्नाशीचे, शाळेत गणित शिकवतात. आणि पल्लवी, तिशीतली नर्स, रात्रपाळी संपवून थेट सायकलवर बसलेली. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. चौघांनी एकामागे एक चालायचं, मधे हातभर अंतर. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्यांना त्याच्या आडोशानं पुष्कळ सोपं जातं. मिनिट-दीड मिनिट झालं की पुढच्यानं कोपर हलवायचं, बाजूला सरकायचं आणि हळूहळू सगळ्यांत मागे जाऊन लागायचं. दुसरा आपोआप पुढे येतो. असं चक्र फिरत राहिलं की चार साधी माणसं मिळून एका दांडग्या माणसाच्या वेगानं जातात. नाशिकला आमच्या गटात कुणी बोलतही नाही, सगळं हातांच्या खुणांवर. इथे तिघंही वाटेतल्या दर माणसाला हाक मारत होते. “काय बावा, कापूस झाला का येचून?” असं तीसच्या वेगानं विचारायचं आणि उत्तर ऐकायला थांबायचं नाही.

“नंदे, आज तू मांगं राह,” दादा म्हणाला. “तुह्या सामोरं थोडी जागा ठेवजो. पुढचा आला की त्याले तिथं घुसू देजो.”

पहिला दिवस, अंदाज घेतोय, असं मला वाटलं. मी सगळ्यांत मागे बसले. जो कोणी पुढून येई त्याला मी माझ्यासमोर जागा करून द्यायची आणि आहे तिथेच राहायची. तासाभरात मला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागली नाही. दादा मात्र तोफखान्यासारखा सुटला होता.

“पल्लवे! ब्रेक काहून दाबला? मांगच्याचा जीव घेशील का?”

“सर, सरळ चाला ना! हे काय वर्गात फिरून राह्यले का तुमी?”

आणि मग मीच चुकले. एका गाईला चुकवताना माझं पुढचं चाक सरांच्या मागच्या चाकाच्या बाजूला गेलं. चूक मोठी होती, सर जरा हलले असते तर मी सरळ नालीत. मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत राहिले. दादा वळून गोड आवाजात म्हणाला, “छान चालवते बरं नंदा.” इतका अपमान माझा सासरीही कधी झाला नव्हता.

परतवाडा

तिसऱ्या दिवशी परतवाड्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं. जायचे पन्नास, यायचे पन्नास. आसेगावला पूर्णेचा पूल ओलांडला की समोर मेळघाटचे डोंगर निळ्या रेघेसारखे दिसायला लागतात. लहानपणी आत्याकडे जाताना त्या रेघेवर आधी कुणाची नजर पडते याची पैज लागायची. या वेळीही मला ती रेघ सगळ्यांत आधी दिसली. सांगायला गेले तर पुढे नुसत्या तीन पाठी. सगळ्यांत मागच्याचं कोण ऐकतो? शेतांत कापूस पांढरा फुटला होता, तुरी वाकल्या होत्या, आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी काळ्या मातीचे गोळे डांबरावर आणून टाकले होते. दव पडून ते चिकट झाले होते. माझ्या ब्रेकमध्ये एवढी माती अडकली की चाक फिरेना. काटकी शोधेपर्यंत दादानं सायकल माझ्या हातातून काढून घेतली होती. पुढे बाभळीचा काटा गेला तेव्हाही तसंच. मी ट्यूब काढायला बसले तर गौतम सर म्हणाले, “राहू द्या ताई, मी करतो.” पंक्चर मी डोळे मिटून काढू शकते. मी रस्त्याच्या कडेला हात बांधून उभी राहिले.

परतवाड्याच्या स्टँडबाहेर आम्ही आलुबोंडे खाल्ले, सोबत तळलेल्या मिरच्या. धारणीकडच्या गाडीची वाट बघणारी माणसं आमच्या घट्ट कपड्यांकडे अगदी उघडपणे बघत होती. पुण्या-नाशिकला चोरून बघतात, मला हे उघड बघणं जास्त बरं वाटतं. दादाच्या ओळखीचा एक संत्र्यांचा व्यापारी भेटला. नको नको म्हणता त्यानं आमच्या पाठीवरच्या खिशांत संत्री कोंबली. पल्लवीचा टीशर्ट मागून गुडघ्यापर्यंत लोंबायला लागला.

“ह्या पाहुण्या कुठल्या?” त्यानं दादाला विचारलं.

“माही बहीण. नाशिकची.”

“नाशिकची नाही, अमरावतीची,” मी म्हटलं. आवाज जरा चढाच लागला असावा, कारण व्यापाऱ्यानं माझ्या खिशात आणखी दोन संत्री घातली.

निघायच्या आधी मी पल्लवीला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, मला पुढे का येऊ देत नाही? ती आधी संत्र्याच्या साली गोळा करत बसली. मग म्हणाली, “ताई, दादांनी आमाले पयल्याच दिवशी सांगितलं. माही बहीण माहेरी येऊन राह्यली, तिले वारा लागू द्याचा नाई. आमी काय बोलणार?”

परतीचे पन्नास किलोमीटर मी त्या तिघांच्या पाठी बघत काढले. सोबत तीन माणसं असूनही इतका एकटा प्रवास मी कधी केला नाही.

अकोला, जठारपेठ

तालमीच्या आदल्या दिवशी सायकली टेम्पोत घालून आम्ही अकोल्याला गेलो. मुक्काम जठारपेठेत, गौतम सरांच्या बहिणीकडे. सुमनताई पोस्टातून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी चार खेळाडू येणार म्हणून आठ जणांचा स्वयंपाक केला होता: बेसनाच्या पातोड्यांची रस्साभाजी, ज्वारीची भाकर, वर ठेचा. दुसऱ्या दिवशी एवढी सायकल चालवायची असताना पातोडी खाऊ नये हे आम्हा चौघांना कळत होतं. चौघांनीही दोनदा वाढून घेतली.

सूर्य मावळायच्या सुमाराला मी गच्चीवर टायरांत हवा भरत होते. दादा आला आणि पंपाला हात घातला. मी पंप सोडला नाही.

“दादा, मला बोलावलंस कशाला?”

“चार पायजे म्हणून.”

“चारात मी कुठे आहे? मी तुमच्या मागून येणारा टेम्पो आहे. तुम्ही तिघं झिजता आणि मी फुकट येते. मला हे कळत नाही असं वाटतं तुला?”

“तू माहेरी आली नंदे. माहेरी आलेल्या पोरीले वाऱ्यात उभी करू का मी? लोक काय म्हणतीन?”

“लोक! त्या वेळी बाबा असंच म्हणाले होते, आणि तू चेनला तेल देत होतास.”

मला एवढं बोलायचं नव्हतं. दादानं पंप सोडला. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता खाली जाईल. तो गेला नाही, कठड्याला टेकून खालचा रस्ता बघत राहिला. जिन्यात उभं राहून गौतम सरांनी सगळं ऐकलं होतं. ते वर आले आणि शाळेत बोलतात तसं सावकाश बोलले. “दादा, मागच्या साली वर्ध्याचा गडी आपल्यात पाहुणा होता. त्यालाही तुम्ही मागं बसवलं होतं. कुरूमपर्यंत तुम्ही एकट्यानं दोघांचा वारा घेतला आणि लोणी गावापाशी पाय गेले. त्याच्या आधीच्या साली अकोल्याचे साळवे. तेव्हाही पाहुणाच. हे गणित पाचवीच्या पोट्ट्याला कळते. चौघांचं काम तिघांनी केलं तर वेळ साधत नाही.”

“उद्या पाहू,” दादा म्हणाला. त्यानं माझं टायर अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि खाली गेला.

अकोला ते अमरावती

सकाळी साडेसहाला निघालो. हिवाळ्यात या रस्त्यावर वारा उगवतीकडून येतो आणि अकोल्याहून अमरावतीला जाताना तो थेट तोंडावर बसतो. सूर्यही तिकडेच उगवतो. डोळ्यांत ऊन, नाकात गारठा. मी लहान असताना हा रस्ता दोन्हीकडच्या कडुनिंबांच्या मधून जायचा, बस त्यांच्या फांद्यांना घासत जायची. आता चौपदरी झाला आहे. झाडं गेली आणि वारा मोकळा झाला. सायकल चालवायला रस्ता सुरेख आहे हे मान्य करते आणि तरीही ती झाडं आठवून जीव हळहळला हेही सांगते.

दादाचं “उद्या पाहू” म्हणजे काय ते पहिल्या दहा मिनिटांतच दिसलं. “नंदे, मांगंच राह!” बोरगाव मंजूपर्यंत मी ऐकलं. दादा आपला नंबर संपला तरी कोपर हलवत नव्हता. इतरांचं दीड मिनिट, तर त्याची पाच मिनिटं. मूर्तिजापूरच्या पुढे सरांनी घड्याळ बघून ओरडून सांगितलं, चार मिनिटं मागे. दादाच्या मानेवरच्या शिरा मला मागून दिसत होत्या. त्याचे गुडघे बाहेर फेकले जात होते. दमलेला सायकलवाला लपत नाही, आणि माझा भाऊ तर मला न बघताही कळतो. हा माणूस माझ्यासाठी आपली शेवटची संधी मातीत घालतोय, आणि मी त्याच्या आडोशाला बसून ते बघतेय. मला एकदम असह्य झालं.

दादा बाजूला सरकला आणि हळूहळू मागे यायला लागला. रीतीप्रमाणे मी पल्लवीच्या मागे जागा सोडायची होती. मी सोडली नाही. उलट आणखी जवळ गेले.

“जागा दे!” दादा माझ्या बाजूला आला होता.

“नाही देत.”

“नंदे, जागा दे म्हणतो ना!”

“मागे जा दादा. माझ्या मागे जा.”

आम्ही दोघं शेजारी शेजारी, तो लाल झालेला, मी पांढरी पडलेली असणार.  मग त्यानं पाय हलके केले आणि गेला मागे. पुढे सरांचा नंबर संपला, मग पल्लवीचा. पल्लवीनं कोपर हलवलं आणि ती बाजूला झाली तेव्हा माझ्यासमोर कुणीच नव्हतं.

तो वारा कसा होता ते मला अजून अंगावर आठवतं. गार, जड, तुरीच्या आणि ओल्या मातीच्या वासाचा. छातीवर हात ठेवून कुणी मागे ढकलावं तसा. मी दातओठ खाऊन पाय मारत होते आणि मला मोठमोठ्यानं हसायला येत होतं. त्या शर्यतीचं वय गेलं, बाबा गेले, झाडं गेली. पण वारा माझ्या गावाचाच होता आणि तो अखेर माझ्या वाट्याला आला होता.

मग चक्र नीट फिरायला लागलं. कुरूम गेलं, लोणी गेलं, चार मिनिटांची दोन झाली. दादा आपला नंबर आला की पुढे येई आणि वेळेवर कोपर हलवी. पण त्यानं सकाळीच स्वतःला वापरून टाकलं होतं. बडनेऱ्याच्या चढावर मी पुढे असताना मागून त्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा लांबून. “जा! तिघं जा! थांबू नका!”

तिघं पुरतात. नियम मला पाठ होता. तरी माझे पाय आपोआप सैल पडले आणि मी मान वळवून मागे पाहिलं. तो चढावर पेडलांवर उभा राहून सायकल ओढत होता. तेवढ्यात दादाच्या जागी माझ्या मागे आलेल्या पल्लवीचं चाक माझ्या चाकाला घासलं, ती किंचाळली आणि सर मागून गरजले, “चाला ताई, चाला!” मी पुढे बघितलं आणि निघाले. ज्याला गाठायला अख्खं बालपण मी धावले त्याला मागे टाकून. डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्यानं म्हणा किंवा कशानं म्हणा.

शेवट अमरावतीतल्या एका पेट्रोल पंपापाशी होता. वहिनी हातात फोन आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती. सर, पल्लवी, मी. तीन तास तेरा मिनिटं. पल्लवीनं मला मिठी मारली, सरांनी टोपी हवेत उडवली. मी रस्त्याकडे बघत उभी होते. सहा-सात मिनिटांनी दादा आला. वहिनीनं धावत जाऊन त्याला वेळ सांगितली. त्यानं ती ऐकली, मान हलवली, सायकल पंपाच्या भिंतीला टेकवली आणि तो सरळ माझ्याकडे आला.

“चढावर मांगं काहून पाह्यलं?”

“अरे, तू...”

“मी काय? मी मेलो होतो का? सामोरचा मांगं पायते का कधी? पाय सैल सोडले! पल्लवी पडली असती त? पोट्टीचं तोंड फुटलं असतं! सहा वर्षं सायकल चालवते आन् एवढी अक्कल नाई? अर्धा मिनिट घालवला तुनं! जानेवारीत असं केलं त मी तुले टीममधून काढीन, सांगून ठेवतो!”

पंपावरची माणसं थबकून बघायला लागली. वहिनीनं बाटली पुढे केली. “अवो, हळू बोला. पाहुणी हाय ते.”

“पाहुणी कायची? चुकली ते!”

आणि पुन्हा सुरू झाला. माझं लग्न झालं त्याला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत दादानं माझ्यावर एकदाही आवाज चढवला नव्हता. मी मान खाली घालून, दोन्ही हातांनी हँडल धरून उभी राहिले आणि त्याचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.